कुठल्या घड्याळाचे सहा-वीस?

आमचा पुतण्या न्यू जर्सीत असतो. दर रविवारी सकाळी साडेसातला त्याचा फोन येतो. तिकडे तेव्हा शनिवारच्या रात्रीचे दहा वाजलेले असतात. नोव्हेंबर लागला की हाच फोन साडेआठला येऊ लागतो, कारण तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. मार्चमध्ये ती पुन्हा पुढे येतात आणि आमचा रविवार साडेसातवर येतो. इतक्या वर्षांत आमच्या घरी याची इतकी सवय झाली आहे की नोव्हेंबरात सौ. पहिला चहा झाल्यावर फोनची वाट न बघता सरळ पोळ्यांना लागते.

मागच्या दिवाळीनंतरच्या अशाच एका फोनमध्ये त्याने बातमी दिली. त्याच्या मुलीसाठी, म्हणजे आमच्या मनूसाठी, पुण्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा-मुलगी एकमेकांना ओळखत होती, पसंती झाल्यातच जमा होती. फक्त मुलाच्या आजीने पत्रिका मागितली होती. तेव्हा याने संगणकावर जन्मतारीख, वेळ आणि गाव घालून पत्रिका छापून पाठवली.

मी विचारलं, "अरे, मनूचा जन्म जुलैतला. तेव्हा तुमची घड्याळं तासभर पुढे असतात ना? तो तास वजा केलास का?"

तो हसला. म्हणाला, "काका, ते सगळं संगणक आपोआप करतो. आणि तुमचा कुठे विश्वास आहे पत्रिकेवर?"

विश्वास नाही हे खरं. पण आयुष्यभर मुलांना इतिहास-भूगोल शिकवला आणि अधूनमधून गणितही, त्यामुळे हिशोब चुकलेला मला चालत नाही. फोन ठेवला तरी 'तासभर पुढे' हे शब्द काही डोक्यातून जाईनात. दुपारी जेवण झाल्यावर आडवा झालो आणि एकदम उठून बसलो. मला अक्काची पत्रिका आठवली.

अक्का म्हणजे माझी सर्वांत मोठी बहीण. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिचा जन्म १९४३ सालच्या नरकचतुर्दशीचा, इथेच ओझरला, आमच्या जुन्या घरात. तिच्या जन्माची गोष्ट आजीने आम्हां नातवंडांना इतक्या वेळा सांगितली होती की आम्हां सगळ्यांना ती पाठ होती. पहिल्या आंघोळीसाठी बंब पेटवलेला, उटणं कालवून ठेवलेलं, आणि आईला एकाएकी कळा सुरू झाल्या. सुईणीला बोलवायला आजोबा कंदील घेऊन निघाले. आजी सांगायची, "बाहेर मिट्ट काळोख. वर चांदण्या नुसत्या लखलखत होत्या. पोरगी झाली तेव्हासुद्धा उजाडलं नव्हतं. कंदिलाच्या उजेडात मी तिचं तोंड पाहिलं."

आणि पत्रिकेत जन्मवेळ होती सकाळी ६ वाजून २० मिनिटं.

या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. ऑक्टोबरच्या अखेरीस ओझरला सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. सहा-वीसला अंगणात चांगलं दिसायला लागलेलं असतं, पाखरं ओरडत असतात, पेपर टाकणारा मुलगा येऊन गेलेला असतो. मिट्ट काळोख कुठला आणि चांदण्या कुठल्या? एक तर आजी गोष्ट रंगवून सांगत होती, नाही तर घड्याळ.

ही शंका किरकोळ वाटेल. पण त्या सहा-वीसने आमच्या घरात काय केलं ते आधी सांगायला हवं.

अक्का विशीची झाल्यावर वडिलांनी तिच्यासाठी स्थळं पाहायला सुरुवात केली. आजोबा तोपर्यंत गेले होते. त्यांच्या टाचणवहीतून काकांनी जन्मतारीख आणि वेळ एका चिठ्ठीवर उतरवून घेतली आणि तालुक्याच्या एका जोशीबुवांकडून पत्रिका करून आणली. तूळ लग्न निघालं आणि आठव्या घरात मंगळ. ज्यांना या भानगडी माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात पडला की मुलगी मंगळाची ठरते, आणि त्यात आठव्या घरातला मंगळ नवऱ्याच्या आयुष्याला वाईट अशी लोकांची समजूत. पहिलं स्थळ पत्रिका पाहून परत गेलं. दुसऱ्याने तर मुलगी पाहिली, कांदेपोहे खाल्ले, पसंती कळवली आणि आठ दिवसांनी पत्रिका परत पाठवली. तिसऱ्या वेळी बोलणी देण्याघेण्यापर्यंत आली होती. त्या दिवसांत मी शाळेत होतो. वडील ओसरीवर बसून होते आणि आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही, एवढं मला आठवतं. अक्का मात्र नदीवर धुणं धुवायला गेली होती. बाणगंगेला तेव्हा पाणी असायचं.

त्यानंतर अक्कानेच वडिलांना सांगितलं, आता पुरे. तिने प्राथमिक शिक्षकाचं ट्रेनिंग घेतलं आणि पस्तीस वर्षं दिंडोरी-निफाडकडच्या गावांत मुलांना शिकवलं. लग्न केलं नाही. आज ती ब्याऐंशी वर्षांची आहे, आमच्याजवळ राहते, आणि माझ्यापेक्षा तिची नजर चांगली आहे.

तेव्हा सहा-वीस ही वेळ आमच्या घरी नुसती वेळ नव्हती.

आता जरा भूगोलाकडे वळू. शाळेत असताना दरवर्षी मी एक प्रयोग करायचो. मैदानात एक सरळ काठी रोवायची आणि साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा. मुलांची खात्री असायची की बरोबर बाराला सावली सर्वांत लहान होणार. बारा वाजायचे आणि सावली आणखी लहान होतच राहायची. साडेबाराच्या सुमारास कुठे ती वाढायला लागायची. मुलं म्हणायची, "सर, तुमचं घड्याळ पुढे आहे." मी म्हणायचो, "माझं एकट्याचं नाही, अख्ख्या गावाचं आहे."

कारण सोपं आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. आपल्या घड्याळात वाजतात ते बारा ओझरचे नव्हेत. ते साडेब्याऐंशी अंश रेखांशावरचे, म्हणजे उत्तर प्रदेशात मिर्झापूरच्या जवळचे. ओझर आहे त्र्याहत्तर पूर्णांक नऊ दशांश अंशाच्या आसपास. मधला फरक सुमारे साडेआठ अंशांचा, म्हणून आपली खरी माध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३४ मिनिटांनी होते. वर्षभरात ती पाव तास इकडे-तिकडे सरकते ते वेगळं.

पूर्वी प्रत्येक गावाला आपापले बारा होते. मुंबईत बारा वाजत तेव्हा नागपुरात बारा-पंचवीस झालेले असत, आणि त्याने कुणाचं काही अडत नसे. बैलगाडीने महिनाभर प्रवास करणाऱ्याला पंचवीस मिनिटांचा फरक कसा कळणार? आणि आपल्याकडे वेळ मोजायची ती घटका-पळांत. दिवसरात्रीच्या साठ घटका, एक घटका चोवीस मिनिटांची. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. आणि मोजायचं सूर्योदयापासून. लग्नात अजून आपण 'घटका भरत आली' म्हणतो ते तिथूनच आलं आहे.

अडायला लागलं ते रेल्वे आल्यावर. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. नंतर रूळ कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे आले आणि पुढे देशभर पसरले. प्रत्येक स्टेशनावर त्या त्या गावची वेळ पाळायची म्हटली तर वेळापत्रक लिहिणार कसं, आणि एकाच रुळावर समोरासमोर येणाऱ्या गाड्या थांबवणार कशा? म्हणून रेल्वेने सगळीकडे मद्रासची वेळ धरली. मद्रासला जुनी वेधशाळा होती, आणि ते शहर रेखांशाने मुंबई आणि कलकत्ता यांच्या अधेमधे पडत होतं. ही 'रेल्वे टाइम' मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे होती. म्हणजे मुंबईचा माणूस घरच्या घड्याळावर विसंबून स्टेशनात गेला तर गाडी अर्ध्या तासापूर्वी गेलेली.

इथपर्यंत ठीक होतं. रेल्वेची वेळ रेल्वेपाशी, गावाची वेळ गावापाशी. पण १८८१ च्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन (पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच) यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लागू केली. मुंबईकरांनी ती मानली नाही. आमची वेळ मद्रासने का ठरवावी, असा त्यांचा सवाल होता. राजाबाई टॉवरचं घड्याळ मुंबईचीच वेळ दाखवत राहिलं. त्यावर सरकार अडून बसलं, की हे घड्याळ मद्रासची वेळ दाखवणार नसेल तर रात्री त्याच्या तबकडीवर दिवे लावायचा खर्च आम्ही देणार नाही. एवढ्या मोठ्या सरकारने घड्याळाच्या दिव्यावरून रुसून बसावं याची गंमत वाटते. शेवटी १८८३ मध्ये सरकारनेच माघार घेतली.

मग १९०६ चा जानेवारी उजाडला. साडेब्याऐंशी अंशांची 'स्टँडर्ड टाइम' देशभर लागू झाली. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं होती, नवी वेळ साडेपाच तास. म्हणजे मुंबईला घड्याळ एकोणचाळीस मिनिटं पुढे करायचं होतं. हे कागदावर सोपं आहे. पण गिरणीत कामाला जाणाऱ्याच्या बाजूने पाहा. भोंगा घड्याळाप्रमाणे होणार, आणि घड्याळ एकोणचाळीस मिनिटं पुढे. म्हणजे ऐन थंडीत तेवढा वेळ आधी, अंधारात उठून, पोराबाळांना झोपलेलं ठेवून निघायचं. पहिल्याच आठवड्यात हजारो गिरणी कामगारांनी काम बंद केलं आणि गिरण्यांवर दगडफेक झाली. शहरात पंधरा हजारांहून जास्त लोकांनी विरोधाच्या अर्जांवर सह्या केल्या. आदल्याच ऑक्टोबरात बंगालची फाळणी झालेली होती आणि सरकारबद्दल लोकांचं मन आधीच कडू होतं. त्यात हे आमचं घड्याळही हलवायला निघाले, अशी भावना झाली.

मुंबई महापालिकेने तर आपली घड्याळं पुन्हा मुंबई टाइमला लावली आणि ती तशीच चालवली. त्यामुळे शहरात एका रस्त्यावर एक वेळ आणि दुसऱ्या रस्त्यावर दुसरी, असा प्रकार अनेक दशकं चालला. भेटायची वेळ ठरवताना माणसं 'मुंबई टाइम की स्टँडर्ड?' असं विचारून घेत. स्वातंत्र्यानंतर स्टँडर्ड टाइम साऱ्या देशाची अधिकृत वेळ झाली. कलकत्त्याने आपली वेगळी वेळ १९४८ मध्ये सोडली. मुंबईची आणखी काही वर्षं रेंगाळली आणि मग तीही गेली. माझ्या स्वतःच्या पत्रिकेत जन्मवेळेपुढे 'स्टँ. टा.' अशी दोन अक्षरं आहेत, ती त्या काळची खूण. लहानपणी मला ते जोशीबुवांचं आडनाव वाटायचं.

हे सगळं मला माहीत होतं. मुलांना शिकवलंही होतं. म्हणून त्या दुपारी माझा पहिला तर्क असा झाला, की अक्काची वेळ मुंबई टाइममध्ये लिहिलेली असणार. कागदावर आकडे मांडले आणि तर्क कोसळला. मुंबई टाइमचे ६-२० म्हणजे स्टँडर्डचे ६-५९. तेव्हा तर सूर्य वर आलेला! काळोख आणखी लांब गेला. मला एकोणचाळीस मिनिटं उलट्या दिशेने हवी होती.

मग माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. सौ.ने विचारलं, "आता या वयात शिडीवर कशाला चढलात?" मी म्हटलं, "हिशोब राहिलाय एक."

आजोबा जुन्या काळचे फायनल झालेले मास्तर. त्यांना दोन गोष्टींचा अभिमान होता, आपल्या वळणदार अक्षराचा आणि खिशातल्या घड्याळाचा. ओझरला रेल्वे नाही. पण कसबे सुकेण्याच्या स्टेशनावर जाणं झालं की तिथल्या घड्याळाला ते आपलं घड्याळ लावून घेत आणि मग गावात कुणी वेळ विचारली की ऐटीत सांगत. त्यांच्या टाचणवहीत सगळं आहे. पावसाची नोंद, गाईच्या विण्याची तारीख, कुणाला किती उसने दिले, कोण कधी गेलं. वहीची पानं कडेला तपकिरी झाली आहेत, पण शाई अजून शाबूत आहे.

अक्काच्या जन्माची नोंद सापडली. तिथि, वार, आणि '६ वा. २० मि.' एवढंच. बाकी काही नाही. काकांनी चिठ्ठीवर उतरवून घेतलं ते बरोबर होतं.

मी उलटी पानं चाळत मागे गेलो. आणि सप्टेंबर १९४२ च्या पहिल्या तारखेपाशी थांबलो. आजोबांच्या त्या वळणदार अक्षरात एक ओळ होती: 'आजपासून सरकारी हुकमाने घड्याळ एक तास पुढे केले.'

मी ती ओळ तीन वेळा वाचली. मग पुढची पानं भराभर उलटली. ऑक्टोबर १९४५, तारीख १५: 'घड्याळ पूर्ववत्.'

ही युद्धकाळातली वेळ. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने दिवसाचा उजेड जास्त वापरता यावा, दिवाबत्ती आणि कोळसा वाचावा म्हणून घड्याळं पुढे नेली होती. तोच उपाय इथे केला गेला. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानची घड्याळं ग्रिनिचच्या साडेपाच नव्हे, साडेसहा तास पुढे होती. तीन वर्षं आणि दीड महिना. अमेरिकेत आज दर उन्हाळ्यात जे होतं ते आपल्याकडेही झालं होतं, आणि थंडी-उन्हाळा न पाहता सलग. आसामातल्या चहाच्या मळ्यांत अजूनही 'बागान टाइम' म्हणून एक तास पुढची वेळ पाळतात, एवढीच त्या तऱ्हेची खूण आपल्या देशात आज उरली आहे.

म्हणजे आजोबांच्या खिशातले ६-२० हे खरे स्टँडर्डचे ५-२० होते. ऑक्टोबर अखेरीला पहाटे पाच-वीसला ओझरच्या अंगणात मिट्ट काळोख असतो आणि चांदण्या लखलखत असतात. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम पहाटे उठून गच्चीवर गेलो आणि पाहून आलो. आजी एक अक्षर रंगवून सांगत नव्हती.

आजोबांचीही चूक नव्हती. त्यांनी घड्याळ बदलल्याचं त्या त्या दिवशी लिहून ठेवलं होतं. पुढच्या प्रत्येक नोंदीत ते पुन्हा लिहायची त्यांना गरज वाटली नसेल, कारण तेव्हा सगळ्यांचीच घड्याळं तशी होती. काकांनी एका पानावरचं उतरवलं, चौदा महिने मागचं पान उलटायचं त्यांना कारणच नव्हतं. आणि जोशीबुवांपुढे नुसती चिठ्ठी आली. वीस वर्षांपूर्वी तीन वर्षं घड्याळ पुढे होतं, हे तोवर लोक विसरूनही गेले होते. या सगळ्यात दोष कुणाला द्यावा? आणि गंमत अशी, की आजोबांनी जुन्या पद्धतीने घटका-पळांत सूर्योदयापासून मोजून लिहिलं असतं, तर सरकारच्या हुकमाने त्यात पळाचाही फरक पडला नसता. त्यांचं घड्याळ अचूक होतं, तिथेच सगळं फसलं.

मग मी जे कधी करीन असं वाटलं नव्हतं ते केलं. अक्काची पत्रिका मांडायला बसलो. पुतण्याने सांगितलेलं संगणकाचं साधन नातवाकडून उघडून घेतलं आणि हातानेही पडताळून पाहिलं. त्या पहाटे पावणेसहाच्या सुमारास कन्या लग्न संपून तूळ लग्न सुरू होत होतं. सहा-वीसला तूळ. पाच-वीसला कन्या. मंगळ वृषभेत होता. तुळेपासून मोजलं तर वृषभ आठवी. कन्येपासून मोजलं तर नववी. नववं म्हणजे भाग्यस्थान. तिथला मंगळ कुणाच्या आड येत नाही.

म्हणजे ज्या शास्त्राने अक्काला मंगळाची ठरवलं, त्या शास्त्राच्याच हिशोबाने अक्काला मंगळ नव्हता. आकाशातला मंगळ त्या पहाटे माथ्यावरून पश्चिमेला कलला होता. आजीने पाहिलेल्या चांदण्यांत तोही असणार.

खरं सांगतो, त्या रात्री मला झोप आली नाही. माझा पत्रिकेवर विश्वास नाही, तेव्हा चुकीची काय आणि बरोबर काय, मला सारखीच असायला हवी होती. पण तसं होत नव्हतं. सारखा ओसरीवर बसलेल्या वडिलांचा चेहरा दिसत होता. लंडनमध्ये कुणीतरी कोळसा वाचवायचा म्हणून काहीतरी ठरवतो, ते दिल्लीला येतं, तिथून सुकेण्याच्या स्टेशनावरच्या घड्याळात उतरतं, तिथून आजोबांच्या खिशात, आणि वीस वर्षांनी आमच्या ओसरीवर. आपण वेळ म्हणजे सूर्यासारखी निसर्गाची गोष्ट धरून चालतो. प्रत्यक्षात कुणीतरी कुठेतरी बसून ती ठरवलेली असते आणि कधी कधी बदललेली असते. ते विसरलं की मग आपण तिच्यावर माणसं तोलायला लागतो.

मनूच्या बाबतीत तो तास संगणकाने लक्षात ठेवला. अक्काच्या बाबतीत कुणीच ठेवला नाही.

अक्काला सांगावं की नाही, यावर मी आणि सौ. दोन दिवस बोलत होतो. सौ.चं म्हणणं, आता कशाला? झालं गेलं. माझं म्हणणं, तिची गोष्ट आहे, तिच्यापासून लपवायचा मला काय अधिकार? शेवटी एका दुपारी ती अंगणात मेथी निवडत बसली होती, तेव्हा मी वही घेऊन शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. फर्ग्युसनसाहेबापासून नाही, थेट आजोबांच्या ओळीपासून.

तिने चष्मा पुसला आणि वही हातात घेतली. दोन्ही पानं वाचली. बराच वेळ आजोबांच्या अक्षरावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "आजी बिचारी सांगत होती, काळोख होता म्हणून. सगळ्यांनी कितीदा ऐकलं, पण तिला कुणी विचारलं नाही."

मी म्हटलं, "अक्का, तुला काही वाटत नाही?"

ती म्हणाली, "वाटतं तर. तिसरा मुलगा मला आवडला होता." साठ वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. मला काय बोलावं कळेना. तिनेच मग माझ्याकडे न बघता मेथीची जुडी पुढे ओढली. "पण अरे, त्यांना नको म्हणायचं असतं तर दुसरं काही निघालं असतं. आणि मी शाळेत गेले नसते तर त्या पोरी कोणी शिकवल्या असत्या? जाऊ दे. तू एक कर. ते दोन्ही कागद मनूच्या बापाला पाठव आणि त्याला म्हणावं, त्या पुण्याच्या आजीबाईंना वाचायला दे."

मी पाठवले. त्या आजीबाईंनी काय ठरवलं ते कळवायचा अधिकार मनूचा आहे, माझा नाही.

मात्र माझ्या नातेवाइकांना आणि वाचणाऱ्या मित्रांना एक विनंती करतो. तुमच्या घरात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात जन्मलेलं कुणी असेल आणि त्यांची जुनी पत्रिका ठेवलेली असेल, तर एकदा काढून पाहा. वेळ कुठल्या घड्याळाची ते लिहिलेलं आहे का? मुंबईत जन्मले असतील तर त्याच्याही आधी-नंतर मुंबई टाइमची भानगड आहेच. पत्रिका मानत असाल तर हिशोब नीट होईल. मानत नसाल तर घरातलं एखादं म्हातारं माणूस जे सांगत आलं आहे ते निदान एकदा तपासून पाहाल. आमच्या आजीचं म्हणणं तपासायला आम्हांला ऐंशीहून जास्त वर्षं लागली.

असो. नोव्हेंबर संपत आला आहे. येत्या रविवारी फोन साडेआठला येईल.